घाटावरचा पाऊस आणि हवामान खात्याचा फुगा

(गेल्या वर्षीच्या उत्सवात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आरती झाली आहे आणि प्रसाद व्हायचा आहे. या दोहोंच्या मधला वेळ तुम्ही मला दिलात, याबद्दल मंडळाचे आभार. विषय फुग्याचा आहे म्हटल्यावर बालगोपाळ पुढच्या रांगेत येऊन बसले आहेत. त्यांची निराशा होणार नाही, कारण हा फुगा खरोखरच मोठा आहे आणि तो तीस किलोमीटर उंच जाऊन फुटतो.

मी हवामानशास्त्रज्ञ नव्हे. तापमान आणि आर्द्रता मोजणाऱ्या सेन्सरच्या चाचण्या घेणे हे माझे नोकरीतले काम. त्या निमित्ताने या फुग्याशी ओळख झाली आणि वाचन वाढत गेले. सर्जापूर रोडवर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना या विषयाची गरज काय, असे कोणी विचारील. पावसाने काय होते हे आपण सप्टेंबर २०२२ मध्ये इथेच पाहिले. उत्सवाचेच दिवस होते आणि या रस्त्यावरच्या काही वसाहतींतून लोक ट्रॅक्टरमध्ये बसून बाहेर पडत होते. पण आज मला बोलायचे आहे ते आपल्या गावाकडच्या, म्हणजे सह्याद्रीच्या पावसाबद्दल. आपले आई-वडील, काका-मामा अजून तिकडेच आहेत. कोणी महाड-पोलादपूरचे, कोणी पाटण-कोयनेचे, कोणी सांगली-कोल्हापूरचे, कोणी खानापूर-बेळगावचे. जुलै-ऑगस्टमध्ये बातम्या लागल्या की आपला जीव तिकडे अडकलेला असतो.

बत्तीस किलोमीटरचे अंतर

पुणे-बंगळूर हायवेने पावसाळ्यात गेलेल्या प्रत्येकाने एक गंमत पाहिली असेल. वाईजवळ रस्ता जेमतेम ओला असतो आणि पश्चिमेला डोंगर काळ्या ढगांत बुडालेला असतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. वीस किलोमीटर पूर्वेला पाचगणीत त्याचा साधारण तिसरा हिस्सा आणि बत्तीस किलोमीटरवर वाईला सातशे-आठशे मिलिमीटर. इतक्या थोड्या अंतरात पाऊस इतका कमी होतो, हे शाळेत आपण पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणून शिकलो.

पण शाळेत शिकलो ती वर्षाची सरासरी. हवामान खात्यापुढचा प्रश्न वेगळा असतो. उद्या महाबळेश्वरला पन्नास मिलिमीटर पडेल की पाचशे? २३ जुलै २०२१ च्या सकाळी संपलेल्या चोवीस तासांत तिथे ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आपल्या बंगळूरला वर्षभरात साधारण ९७० मिलिमीटर पडतो. म्हणजे आपला सात महिन्यांचा पाऊस तिथे एका दिवसात कोसळला. त्याच २२ तारखेला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड आली आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. चिपळूण पाण्याखाली गेले. त्याआधी ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातले माळीण, नंतर १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. ही नावे आपण विसरलेलो नाही. पन्नास आणि पाचशे यांतला फरक आदल्या दिवशी कळणे म्हणजे काय, हे या नावांवरून समजते.

फुगा काय करतो?

आता फुग्याकडे वळू. जगभर शेकडो ठिकाणांहून ठरलेल्या वेळी हे फुगे सोडले जातात. ग्रिनिचच्या शून्य आणि बारा वाजता, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाचला आणि संध्याकाळी साडेपाचला. आपल्याकडे मुंबई, पणजी, मंगळूर, कोची आणि आपले बंगळूर या ठिकाणांहूनही ते सोडले जातात. रबराच्या फुग्यात हायड्रोजन किंवा हेलियम भरतात. जमिनीवर तो दीड-दोन मीटर रुंद असतो. वर हवेचा दाब कमी होत जातो तसा तो फुगत जातो आणि शेवटी एखाद्या मोठ्या खोलीएवढा होऊन फुटतो. मिनिटाला साधारण तीनशे मीटर या वेगाने दीड-दोन तास चढत राहतो. खाली लटकलेल्या छोट्या डबीत तापमान, आर्द्रता आणि दाब मोजणारे सेन्सर असतात. त्यांचे आकडे रेडिओने सतत खाली येत राहतात. फुगा वाऱ्याबरोबर वाहत जातो, म्हणून त्याची जागा पाहिली की प्रत्येक उंचीवरच्या वाऱ्याचा वेग आणि दिशाही कळते. या यंत्राला रेडिओसाँड म्हणतात. एकदा सोडलेले यंत्र बहुधा परत हाती येत नाही. ते कोणाच्या तरी शेतात नाहीतर समुद्रात पडते.

रशियात पावेल मोल्चानोव यांनी जानेवारी १९३० मध्ये असा फुगा सोडला. त्याच सुमारास फ्रान्स आणि फिनलंडमध्येही हे काम चालू होते. भारतात या यंत्रांची घडण पुण्यात झाली. पुणेकरांना शिवाजीनगरचा 'शिमला ऑफिस'चा चौक माहीत आहे. हवामान खात्याचे मुख्यालय १९२८ मध्ये शिमल्याहून पुण्यात आले म्हणून ते नाव पडले. तिथे एस. पी. वेंकटेश्वरन यांनी पंखा असलेला रेडिओसाँड तयार केला. फुगा वर चढताना हवेने पंखा फिरायचा आणि त्यावर आतली यंत्रणा चालायची. १९४८ मध्ये त्यांच्या हाताखाली अण्णा मणी रुजू झाल्या. त्या बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये सी. व्ही. रामन यांच्याकडे शिकलेल्या. हवामानाची सुमारे शंभर उपकरणे देशातच बनावीत म्हणून त्यांनी त्यांचे प्रमाणित आराखडे तयार करवून घेतले. निवृत्तीनंतर त्या इथेच रामन रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये काम करीत होत्या. आपल्या या दोन शहरांचे असेही एक नाते आहे.

तीन आकड्यांचा हिशेब

फुग्याच्या आकड्यांवरून घाटातला पाऊस कसा ओळखायचा? इथे बरेच इंजिनिअर बसले आहेत, म्हणून थोडे गणित सांगतो. बाकीच्यांनी घाबरू नये.

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावरच्या एक घनमीटर हवेत वीस-बावीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. दहा बाय दहाच्या खोलीत अर्धा लिटरहून जास्त. ही हवा नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येते आणि तिच्यापुढे दक्षिणोत्तर पसरलेली सुमारे हजार मीटर उंचीची भिंत उभी असते. हवा वर चढली तर थंड होते, वाफेचे पाणी होते आणि घाटात पाऊस पडतो. पण हवेने वर चढायलाच हवे, असा काही नियम नाही.

घाट चढणाऱ्या ट्रकची कल्पना करा. वेग चांगला असेल तर तो चढून जातो. वेग कमी आणि माल जड असेल तर पायथ्याशीच अडकतो आणि मागे वाहनांची रांग लागते. हवेचेही तसेच आहे. तीन गोष्टी पाहायच्या. पहिली, वाऱ्याचा वेग. दुसरी, डोंगराची उंची. तिसरी, हवेचे स्थैर्य, म्हणजे हवेला वर ढकलले असता ती परत खाली बसू पाहते का आणि किती जोराने. वेगाला उंची आणि स्थैर्य यांच्या गुणाकाराने भागले की जो आकडा येतो त्याला फ्रूड अंक म्हणतात. जहाजांचा अभ्यास करणाऱ्या विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनिअरचे हे नाव. हजार मीटरचा डोंगर आणि स्थैर्याचा नेहमीचा आकडा सेकंदाला ०.०१ घेतला, तर सेकंदाला दहा मीटर, म्हणजे ताशी छत्तीस किलोमीटर वेगाला हा अंक एक होतो. त्याहून जोराचा वारा घाट चढून जातो. त्याहून मंद वारा अडतो, त्याची समुद्रावरच दाटी होते आणि पाऊस किनाऱ्यावर किंवा समुद्रातच पडून जातो. शिवाय हवा बाष्पाने पूर्ण भरलेली असेल तर तिचे स्थैर्य कमी होते, कारण वाफेचे पाणी होताना उष्णता बाहेर पडते आणि तीच हवेला वर उचलते. अशी हवा कमी वेगातही चढते.

आता गंमत पाहा. डोंगराची उंची सह्याद्रीने कायमची ठरवून दिली आहे. उरलेले दोन्ही आकडे फुगा देतो. त्याशिवाय बाष्पाचा थर किती जाड आहे, हेही तोच सांगतो. जमिनीलगत सगळीच हवा दमट असते. तीन-चार किलोमीटरवरही दमटपणा टिकला असेल तर पाऊस झोडपतो. मध्येच कोरड्या हवेचा थर घुसला असेल तर ढग खुजे राहतात.

ही नुसती कल्पना नाही. १९६६ साली हवामान खात्याच्या पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी फुग्यांच्या नोंदींवरून दाखवले की जुलैत दक्षिण भारतावर साधारण दीड किलोमीटर उंचीवर वाऱ्याचा एक जोरदार पट्टा वाहत असतो. घाटमाथ्याच्या थोडा वर! त्याच वर्षी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या आर. पी. सरकार यांनी मुंबईच्या फुग्यांच्या नोंदी घेऊन मुंबई ते पुणे या पट्ट्यातला पाऊस गणिताने काढून पाहिला. किनाऱ्यापासून पाऊस वाढत जातो, माथा येण्याआधीच सर्वांत जास्त होतो आणि पलीकडे झपाट्याने कमी होतो, हे त्यांच्या गणितातून निघाले आणि प्रत्यक्ष नोंदींशी ते जुळले.

उपग्रह असताना फुगा कशाला?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. आज इन्सॅटच्या मालिकेतले उपग्रह आहेत, रडार आहेत, मग फुगे उडवण्याचे हे शंभर वर्षे जुने काम कशाला?

उपग्रह वरून पाहतो. अवरक्त किरणांनी पाहणाऱ्या यंत्राला ढगाच्या खालचे दिसत नाही आणि जुलैत सह्याद्रीवर ढग नाहीत असा दिवस क्वचित मिळतो. दुसरे असे की, पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने महाबळेश्वरला ढगांच्या अभ्यासाची प्रयोगशाळा उभारली आणि वाईजवळच्या मांढरदेवीच्या डोंगरावर रडार बसवले. तिथल्या अभ्यासात दिसले की घाटातले बरेचसे ढग बुटके असतात. विजा कडकडवणारे उंच ढग तिथे कमी. पाऊस मात्र हे बुटके ढगच भरपूर पाडतात. वरून पाहणाऱ्या उपग्रहाला थंड आणि उंच ढग म्हणजे मोठा पाऊस अशी सवय असते, म्हणून घाटातला पाऊस त्याच्या हिशेबात कमी भरतो. ज्या खालच्या तीन-चार किलोमीटरमध्ये सगळा खेळ चालतो, त्या थरातून फुगा स्वतः जातो. उपग्रहाचे आकडे बरोबर आहेत का, हे तपासायलाही शेवटी फुग्याचीच नोंद घेतात.

अर्थात सेन्सरवाला म्हणून एक सांगितले पाहिजे. फुग्याची नोंद चांगली असेल तरच उपयोग. ढगातून जाताना आर्द्रतेचा सेन्सर ओला होतो, वर गेल्यावर त्यावर बर्फ धरतो आणि मग तो कोरड्या हवेलाही दमट म्हणू लागतो. आपल्या जुन्या यंत्रांच्या नोंदींबद्दल जगातल्या पूर्वानुमान केंद्रांची तक्रार असे. २००९ च्या सुमारास आपल्याकडे जीपीएसवर चालणारी नवी यंत्रे येऊ लागली आणि परिस्थिती सुधारत गेली. दोन टक्के आर्द्रतेची चूक आपल्या एसीला चालते, पण ढग होणार की नाही हे ठरवताना ती चालत नाही.

फुगा कुठे कमी पडतो?

आता हिशेबाची दुसरी बाजू. वारा ताशी पन्नास किलोमीटरने वाहतो आहे. किनाऱ्यापासून घाटमाथा पन्नास-साठ किलोमीटर. म्हणजे पहाटे साडेपाचला मुंबईच्या फुग्याने जी हवा मोजली, ती तास-दोन तासांत घाट ओलांडून गेलेली असते. नाश्त्याच्या वेळी डोंगरावर येणारी हवा फुगा सोडताना दूर समुद्रावर होती. आज संध्याकाळी जी हवा महाबळेश्वरला भिडणार, ती पहाटे सहाशे किलोमीटर पश्चिमेला अरबी समुद्रावर असते. आणि उद्या रात्रीचा पाऊस आणणारी हवा तर याहूनही कितीतरी लांब. तिथे फुगा सोडणारे कोणी नाही.

म्हणून शास्त्रज्ञ वेळोवेळी समुद्रावर गेले. १९७९ च्या मान्सून प्रयोगात जहाजे आणि विमाने अरबी समुद्रावर होती. त्या नोंदींवरून असे दिसले की डोंगराचा अडथळा वाऱ्याला किनाऱ्याच्या बराच आधी, समुद्रावर असतानाच जाणवतो. २००२ मध्ये आपल्या शास्त्रज्ञांनी 'आर्मेक्स' हा प्रयोग केला, त्यात सागरकन्या जहाजावरून नोंदी घेतल्या. पश्चिम किनाऱ्यावरचा अतिवृष्टीचा पाऊस समजून घ्यायचा होता, आणि नेमका त्याच जुलैत देशभर पावसाने ओढ दिली! २०१६ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांचे उपकरणांनी भरलेले विमान इथे बंगळूरला आले होते. इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या सहकार्याने त्याने घाटावरून अरबी समुद्रापर्यंत फेऱ्या मारल्या. याच संस्थेत १९७३ पासून मान्सूनवर काम करणाऱ्या, मूळ पुण्याच्या सुलोचना गाडगीळ यांचे नाव इथे आदराने घ्यायला हवे. मान्सूनचे शास्त्र शेतकऱ्याच्या पेरणीच्या निर्णयापर्यंत नेण्याचा त्यांचा आग्रह होता. जुलै २०२५ मध्ये त्या गेल्या.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाचा प्रश्न आपल्यासारखाच आहे. समुद्रावरून बाष्पाचा लोंढा येतो आणि डोंगरावर कोसळतो. तिथे वादळ येण्याआधी विमाने समुद्रावर जाऊन छत्रीला बांधलेली यंत्रे खाली सोडतात. फुगा खालून वर जातो, ही वरून खाली येतात. ते आकडे लगेच संगणकाच्या प्रारूपात जातात.

दुसरी अडचण संगणकाची. प्रारूपात पृथ्वीचे चौकोन पाडलेले असतात. बारा किलोमीटरचा चौकोन असेल तर पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणारा कडा त्याला उतरत्या छपरासारखा दिसतो. मग फुग्याने कितीही चांगले आकडे दिले तरी हवा त्या संगणकातल्या सह्याद्रीवर अलगद चढते. मे २०२५ पासून आपल्याकडे सहा किलोमीटर चौकोनाचे 'भारत फोरकास्ट सिस्टीम' हे प्रारूप आले. पुण्याच्याच संस्थेने ते तयार केले आहे. 'मिशन मौसम' या नावाने केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये दोन हजार कोटी रुपये मंजूर केले, त्यात रडार आणि निरीक्षणाची साधने वाढवायची आहेत.

माझे म्हणणे एवढेच की, अतिवृष्टीची चिन्हे दिसू लागली की त्या दोन-तीन दिवसांपुरते तरी किनाऱ्यावरून दिवसातून दोनाऐवजी चार किंवा आठ फुगे सोडले जावेत. वर्षभर नको. संकटाचे दिवस वर्षातून मोजकेच असतात. पेशंट अत्यवस्थ झाला की डॉक्टर दर तासाला बीपी बघतो, एरवी दोनदा पुरते. तसेच हे.

धरणाचे दरवाजे

या अंदाजावर आणखी एक मोठी गोष्ट अवलंबून आहे. कोयना धरणात १०५ टीएमसी पाणी मावते. ऑगस्टमध्ये धरण भरत आले की अधिकाऱ्यापुढे पेच असतो. पाणी आधी सोडावे आणि पुढे पाऊसच आला नाही, तर वर्षभर वीज आणि शेती अडचणीत. थांबावे आणि पाऊस कोसळला, तर एकदम दरवाजे उघडावे लागतात. २००५, २०१९ आणि २०२१ चे पूर सांगली-कोल्हापूरकरांनी सोसले. २०१९ ला सांगलीत कृष्णा ५७ फुटांवर गेली होती, आणि कोल्हापूरजवळ हायवे बंद पडल्याने इथून निघालेल्या गाड्या वाटेत अडकल्या होत्या. पुराची कारणे शोधायला नंदकुमार वडनेरे यांची समिती नेमली गेली. पुराला धरण एकटे कारणीभूत नसते. खालच्या भागात पडलेला पाऊस, नदीपात्रातली बांधकामे अशी अनेक कारणे असतात. पण पाणलोटात पुढच्या तीन दिवसांत किती पाऊस पडेल याचा भरवशाचा आकडा हाती असेल, तर तो अधिकारी बेतशीर निर्णय घेऊ शकतो. कॅलिफोर्नियातल्या लेक मेंडोसिनो या धरणावर अंदाज पाहून पाणी साठवण्याची-सोडण्याची पद्धत वापरून पाहिली गेली आणि ती उपयोगी ठरली.

शेवटचा टप्पा

शेवटी आपल्या हातात काय आहे ते सांगतो. हवामान खात्याच्या भाषेत चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरपासून पुढे जोरदार, ११५.६ पासून अति जोरदार आणि २०४.५ पासून पुढे अत्यंत जोरदार पाऊस. पिवळा रंग म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे हालचाल करा. पण इशारा बहुधा जिल्ह्याचा असतो आणि दरड कोसळते ती एका वाडीवर. रायगडला लाल रंग आहे हे टीव्हीवर दिसते, पण डोंगराच्या पायथ्याच्या पंधरा घरांना 'तुम्ही आज रात्री शाळेत झोपायला चला' असे सांगायला फुगा येत नाही. तिथे माणूसच लागतो.

म्हणून माझी विनंती अशी. आपल्यापैकी ज्यांचे गाव घाटात किंवा घाटाखाली आहे, त्यांनी गावच्या सरपंचांचा, पोलिस पाटलांचा, शिक्षकांचा नंबर आपल्याजवळ ठेवावा. लाल इशारा दिसला की घरी फोन करताना 'काळजी घ्या' एवढ्यावर थांबू नये. पावसाचा आकडा सांगावा. ओढ्याचे पाणी अचानक गढूळ झाले का, डोंगराला भेगा पडल्या का, झाडे-खांब कलले का, हे विचारावे. यांतले काहीही दिसत असेल तर रात्र पडण्याआधी घर सोडायला सांगावे. गावच्या शाळेला एक साधे पर्जन्यमापक द्यावे. चार जणांनी मिळून वर्गणी काढली तर ते सहज जमते. मुले रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजतील, फळ्यावर लिहितील आणि दोनशेचा आकडा म्हणजे काय हे साऱ्या गावाला कळेल.

रोज पहाटे साडेपाचला, आपण झोपेत असताना, किनाऱ्यावरच्या वेधशाळेत कोणीतरी भर पावसात रेनकोट घालून एक फुगा आकाशात सोडतो. त्याने पाठवलेले आकडे आपल्या माणसांपर्यंत वेळेत पोहोचावेत, एवढेच मागणे आज मांडतो.  बालगोपाळांनी प्रश्न जरूर विचारावेत.